पेरलेल्या राबावर काडी

“डॉक्टर, नानांना इचारा, पेरल्याल्या राबावर काडी का लावली.”

संतोष तपासणीच्या खोलीत उभ्यानेच बोलत होता. शेजारी स्टुलावर त्याचे वडील, उत्रोलीचे नाना, टोपी मांडीवर घेऊन बसलेले. भोरमध्ये तीस वर्षं दवाखाना चालवतोय, पण अशी तक्रार पहिल्यांदाच आली.

राब म्हणजे भाताची रोपं तयार करायचा जमिनीचा तुकडा. त्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून तो आधी भाजायचा आणि मग बी पेरायचं. नानांनी आधी बी पेरलं, वर पाला पसरला आणि पेटवून दिला. सगळं बी जळालं. संतोषने यंदा दुकानातलं बी आणलं होतं आणि ते नानांना पसंत नव्हतं. त्यामुळे नानांनी हे रागाने केलं, असं त्याचं ठाम मत होतं. यापुढे त्यांना शेतात पाय ठेवू द्यायचा नाही, हेही त्याने ठरवलं होतं. फक्त डोकं तपासून घ्यावं, असं बायको म्हणाली म्हणून तो आला होता.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. वार, महिना, नातवंडांची नावं. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारले. नानांनी सगळं बरोबर सांगितलं. वर माझी स्कूटर उत्रोलीच्या ओढ्यात कशी अडकली होती, तेही ऐकवलं. मी खूश होऊन म्हणालो, “स्मरणशक्ती ठणठणीत आहे.”

संतोषने वडिलांकडे असं पाहिलं, की माझी चूक मला तिथेच कळायला हवी होती.

बीपी बरंच वाढलेलं होतं, म्हणून ईसीजी काढला. नंतर नाना कपडे घालायला लागले. शर्ट घातला, सगळी बटणं लावली आणि मग हातातल्या बनियनकडे बघत उभे राहिले. बराच वेळ.

मी त्यांना परत बसवलं. “नाना, राब कसा करतात, मला शिकवा.”

त्यांनी सुरुवात झोकात केली. शेण किती, पाला कसला, सगळं अचूक. पण बी मध्येच आलं, भाजणं शेवटी गेलं. त्यांचं त्यांनाच जाणवलं आणि ते थांबले.

“कामं समदी येत्यात, डॉक्टर. पन कंचं आधी, ते सुटतंय.”

खोदून विचारल्यावर कळलं, दिवाळीत एकदा त्यांचा उजवा हात अर्धा दिवस बधिर झाला होता. मग आपोआप बरा झाला, म्हणून घरात बोलले नाहीत. बीपीच्या गोळ्याही बरं वाटतंय म्हणून बंद केल्या होत्या. पुण्याला एमआरआय केला. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या जागोजागी बंद पडलेल्या दिसल्या. याला व्हॅस्क्युलर डिमेन्शिया म्हणतात आणि नानांचा अगदी सुरुवातीचा होता. यात सुरुवातीला आठवण बऱ्यापैकी शाबूत असू शकते, पण कामाचा क्रम लावणं जड जातं. गेलेलं परत येत नाही. पुढचं नुकसान लांबवायला बीपी ताब्यात ठेवायचं आणि तंबाखू सोडायची.

“म्हंजी मुद्दाम न्हाई केलं?” रिपोर्ट समजावून सांगितल्यावर संतोषने विचारलं.

“नाही.”

तो नानांकडे वळला. मग म्हणाला, “नाना, सांगायचं तरी.”

“काय सांगू? अख्ख्या गावाला राब शिकवला म्या. आता मलाच येत न्हाई म्हनू?”

मला त्या क्षणी स्वतःचा भयंकर राग आला. माझ्या एका वाक्यावर हा माणूस घरात गुन्हेगार ठरून गेला असता.

दुबार पेरणीला मी मुद्दाम उत्रोलीला गेलो. बी घरचं होतं. संतोष बांधावरून एकेक पायरी सांगत होता आणि नाना काम करत होते. मधूनच संतोषच्या हातातला पाला हिसकावून, असा पसरतात व्हय, म्हणून त्याला झापत होते. तो निमूट ऐकून घेत होता. बीपी आटोक्यात होतं. नानांची तंबाखू सुटली म्हणून मात्र दोघेही माझ्याशी खोटं बोलले.

निघताना मी नानांची माफी मागितली. ठणठणीत म्हणालो, चुकलो.

“तुमचं काय चुकलं?” नाना म्हणाले. “तुमाला कुठं राब येतो?”

येत नव्हताच. आता म्हाताऱ्या पेशंटची परीक्षा घ्यायच्या आधी मी त्याचा विषय विचारून घेतो.