कुंकवाचं बोट लागलेली वही

मी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही. हे वाक्य अगदी खरं आहे, म्हणूनच बहुधा आमच्या रांझी मोहल्ल्यात ते कुणाला पटलं नाही. भेडाघाटचा धबधबा मी एकदा नुसत्या हाकेने थांबवला होता, हे लोक तीस वर्षं मुकाट ऐकून घेतात. पण माझ्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली म्हटल्यावर जो तो माझ्या तोंडाचा वास घ्यायला लागला.

वास यायचाच तर खोव्याच्या जलेबीचा आला असता. बडा फुहाऱ्याच्या चौकात मी आजवर इतकी जलेबी खाल्ली आहे, की उलगडून सरळ केली तर नागपूरला पोचून परत येईल. वीस वर्षांचा डायबेटिस, त्याच्या जोडीला बीपी, आणि लिव्हरवर चढलेली चरबी. गाठीचं मूळ बहुधा त्यातच, असं सर्जनबाई म्हणाल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या बाई. गाठ लहान आहे, कापून काढता येईल, हेही म्हणाल्या.

मी खुशीत माझी वही पुढे सरकवली. तीन महिन्यांची साखर आणि बीपी, रोजचं, तारीखवार. एकही आकडा वाकडा नाही. असणार कसा? बायकोने आणलेली मशीनं डब्यात झोपलेली असत, आणि आकडे मी सकाळी चहा पिता पिता बसवत असे. दोन चमचे साखरेचा चहा. लॅबमध्ये जायच्या आधी दोन दिवस कारलं आणि उपास, की तिथलाही रिपोर्ट छान.

बाईंनी वही चाळली, मग एका तपासणीचा कागद पाहिला. "अंकल जी, कॉपी तो बहुत सुंदर है. पर इसमें मरीज़ कौन है?"

मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एक तपासणी असते. दोन दिवसांच्या उपासाला ती भीक घालत नाही. माझ्यासारख्या थापाड्यासाठीच देवाने काढली असावी.

बाई हसल्या, पण पुढचं हसून बोलल्या नाहीत. साखर अशीच राहिली तर जखम चिघळेल. बीपी असं उसळत राहिलं तर भूल देताना हृदय दगा देऊ शकतं. उरलेल्या लिव्हरला पुन्हा वाढायचं आहे, त्यालाही ही साखर छळेल, आणि गाठ परतायची भीती वाढेल. इन्सुलिन सुरू करते, दोन आठवडे देते. खरे आकडे आणा, मगच ऑपरेशन.

सोबत आलेली बायको घरी पोचल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "काहून खोटं लिहून राहिले होते तुम्ही? फॅक्टरीत तर म्हणे केसाएवढा फरक असला तरी माल परत धाडायचे!"

ही मात्र थाप नव्हती. मी इन्स्पेक्शनमध्ये होतो. मापात न बसलेल्या तुकड्यावर लाल रंगाचं बोट लावायचं. मोजणारा एक, सही करणारा दुसरा. लग्नापासून मीच तिला हे ऐकवत आलो होतो.

"आता तुम्हीच तुकडा," ती म्हणाली. नवी वही काढली. घरात लाल रंग नव्हता, म्हणून कुंकवाचा करंडा घेतला.

पहिला आठवडा वही नुसती लालेलाल. मी लाडीगोडी लावून पाहिली. "अगं, हा आकडा जरा गोल करून लिही ना."

"गोल जलेबी असते जी. आकडा जसा आहे तसा."

पानात दोडका, भाकरी, आणि मीठ असल्याची नुसती अफवा. तिला ना साखर, ना बीपी. तरी चौदा दिवस तिने तेच गिळलं, माझ्यासमोर बसून, तोंड वाकडं न करता. हे मी विसरणार नाही.

चौदाव्या दिवशी बाईंनी वही उघडली. "अरे, पूजा की है क्या?"

"नहीं जी, रिजेक्शन है," बायको म्हणाली.

बाईंनी पानं उलटली. शेवटच्या पानावर एकही लाल बोट नव्हतं. "चलो, भर्ती हो जाइए."

अर्धं लिव्हर कापलं आणि मी घरी पोचायच्या आत ते पुन्हा उगवलं, असं मी लोकांना सांगतो. खरं एवढंच, की लहानसा तुकडा काढला, जखम स्वच्छ भरली, आणि आतापर्यंतचे स्कॅन कोरे आले आहेत. पुढचं पुढे.

मागच्या आठवड्यात एका लग्नात मी अर्धी जलेबी खाल्ली. अर्धीच, हवं तर वाढप्याला विचारा. सकाळी साखर मोजली, आकडा बेकार. बायको अंगणात होती, पेन माझ्या हातात. मी आहे तो आकडा लिहिला, करंडा उघडला आणि स्वतःच बोट लावलं.

ती आली, बघितलं, सही केली. रागावली नाही. चहा ठेवला, बिनसाखरेचा.

इतका गोड चहा मी जन्मात प्यायलो नाही. हेही कुणाला पटणार नाही.