पिवळ्या काचा आणि रेवतीचा डबा

चक्रीवादळाची सुट्टी संपली आणि गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी मी लॅबमध्ये पोचले. चेन्नईत अजून रस्त्यांवर पाणी होतं. आमच्या बिल्डिंगची वीज दोन दिवस बंद होती, आणि जनरेटरच्या खोलीतही पाणी शिरलं होतं…

आम्ही पेरोव्स्काईटच्या सोलर सेलवर काम करतो. काचेवर शाईसारखा पातळ थर द्यायचा, तापवला की तो काळाभोर होतो आणि उन्हाची वीज करतो. सिलिकॉनपेक्षा स्वस्तात होईल अशी सगळ्यांना आशा आहे. पण दमट हवा लागली की थर पिवळा पडतो… पिवळा म्हणजे संपला. आणि हे आम्ही करतो कुठे, तर चेन्नईत!

म्हणून सगळ्या काचा विजेवर चालणाऱ्या ड्राय कॅबिनेटमध्ये असतात. माझ्या सर्वांत चांगल्या सेलची बॅच त्यातच होती. त्याच आठवड्यात ती तपासणीसाठी बाहेरच्या लॅबला जायची होती.

दार उघडलं. सगळ्या काचा पिवळ्या… हळद सांडल्यासारख्या. वर्षभराचं काम होतं. मी तिथेच स्टुलावर बसले.

रेवती माझ्या आधी आलेली होती. ती माझी ज्युनियर, तंजावूरच्या मराठी घरातली. घरी जुनं मराठी, बाहेर तमिळ, आणि माझ्याशी दोन्हींची मिसळ. तिनं गरम कॉफी आणून दिली, ग्लोव्ह्ज घातले आणि माझ्या काचा एकेक करून शिशाच्या कचऱ्याच्या डब्यात ठेवायला लागली, कारण या थरात शिसं असतं.

तिचंही काही बरं चाललेलं नव्हतं. ती सेलवर एक जास्तीचा संरक्षक थर देत होती, पण त्यामुळे वीज कमी मिळायची. आमच्या गाइड सरांनी तिला तो विषय बंद करायला सांगितलं होतं. पेरुंगुडीच्या एका आयटी कंपनीत तिचा इंटरव्ह्यूही झाला होता.

कॅबिनेट रिकामं करताना खालच्या कप्प्यात तिचा डबा दिसला. "तुझ्याही काचा टाकून देऊ या," म्हणत मी झाकण काढलं…

काळ्या होत्या. सगळ्या. कडेलासुद्धा पिवळेपणा नाही.

मी वळून बघितलं. रेवतीच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तू बघितलं होतंस?"

"सकाळीच," ती खाली बघत म्हणाली. "पण अक्का, तुमचं सगळं गेलं… मी कोणत्या तोंडानं सांगू?"

इतका वेळ ती पोटात आनंद दाबून माझा कचरा आवरत होती! मला क्षणभर हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मग रडू आलं. आणि मग आम्ही दोघी काचा घेऊन मोजणीच्या खोलीकडे अक्षरशः पळालो. विजेचा आलेख जवळजवळ वादळाआधीसारखाच आला.

दुपारी सर आले. त्यांनी काचा उजेडात धरून बघितल्या, बराच वेळ बघितल्या. "रेवती, मी घाई केली," एवढंच म्हणाले आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

त्यानंतर तिचा थर आणि माझी रेसिपी एकत्र करून नवे सेल बनवले. वीज माझ्या जुन्या सेलपेक्षा थोडी कमी आहे, पण ते कॅबिनेटबाहेर उघड्या टेबलावर, या हवेत, अजून काळे आहेत. पुढे टिकतील की नाही, बघू… रेवतीनं त्या आयटी कंपनीला नकार कळवलाय.

काल पेपरचा मसुदा लिहायला बसलो. कुणाचं नाव आधी, म्हणजे मुख्य श्रेय कुणाचं, हे ठरवायचं होतं. मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला आणि पहिलं नाव तिचं टाईप केलं, त्याखाली माझं… आणि मनापासून सांगते, खूप बरं वाटलं.