दुधाच्या टेम्पोतली पुढची सीट

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, यांच्याइतकी दुसऱ्यांच्या पोटाची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात झाला नसेल. भेटेल त्याला ते आधी "पोट साफ हाय न्हवं?" विचारायचे, रामराम नंतर. एकदा कोल्हापूरच्या स्टँडवर, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींदेखत, त्यांनी मला लांबूनच ओरडून विचारलं. कॉन्व्हेंटात शिकलेल्या मला चारचौघांत पोट असतं हेच ठाऊक नव्हतं. मी खांबाआड झाले. उत्तर मिळेपर्यंत ते एस.टी.त चढले नाहीत. शहरातली कंपाउंडरची नोकरी संपवून ते पेठ वडगावच्या पलीकडं आपल्या गावी राहायला गेले होते. खिशाला पेनासारखा थर्मामीटर असायचा. एका लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांनी नवरदेवाची जीभ तपासली, असं आत्या सांगायची.

गावात दवाखाना नव्हता, तो थेट वडगावला. पण दूध संस्थेचा टेम्पो रोज सकाळी तिथून निघून, वाटेतल्या तीन गावांचे कॅन घेत वडगावला जायचा. ही चार गावं कुस्तीच्या मैदानावरून एकमेकांशी धड बोलत नसत. त्यांच्या दुधाच्या बैठकीत आतोबा उभे राहिले. "म्हशीला ताप आला की डॉक्टर जीपनं येतोय. धार काढणारीला आला तर तिनं काय हंबरायचं?" लोक हसले, आणि ठरलं: ड्रायव्हरशेजारची सीट आजाऱ्याची. मात्र टेम्पोनं कुठं खोळंबायचं नाही आणि कुणाचं दूध चुकवायचं नाही.

एका मे महिन्यात सुट्टीला मी तिथं होते. शेजारची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, ती सकाळी अडली. सुईणीनं हात टेकले, आईला घेरी आली. त्या मुलीला सीटवर बसवेना. आतोबांनी मागं कॅनच्या मधे घोंगडं अंथरून तिला निजवलं आणि मला म्हणाले, "चढ पोरी, बाईमाणूस पायजे संगट." तिनं धरलेलं माझं मनगट वडगाव येईपर्यंत सोडलं नाही. वाटेत तिन्ही गावांत माणसं कॅन घेऊन उभी होती. आतोबांनी टेम्पो कुठंच थांबू दिला नाही.

दुपारी परतताना तिसऱ्या गावात लोकांनी आम्हाला अडवलं.

"कंपाउंडर, तीन गावचं दूध नासलं! लेक तुमच्या गावची, आन् नुकसान आमचं?"

"उद्यापासनं आमची गाडी न्यारी!"

गाडी वेगळी झाली तर आतोबांच्या एकट्या गावासाठी टेम्पो येणार नव्हता. सीटही गेली असती. आतोबा खाली उतरले. जगाच्या पोटाची चौकशी करणाऱ्या माणसानं त्या दिवशी हात जोडून नुसता रामराम केला.

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "पोरगं का पोरगी?"

"पोरगी. दोघी बऱ्या हायती."

"मग तिला आणतासा कशी? घोंगडं टोचंल की बाळंतिणीला."



त्या रात्री आतोबा जेवले नाहीत. सकाळी टेम्पोत ते मला बळंच घेऊन बसले. तिन्ही गावांत रस्त्याकडेला कॅन लावलेले होते. तिसऱ्या गावातल्या एका कॅनवर घडी घातलेली, जुन्या लुगड्यांची मऊ वाकळ होती. आतोबांनी ती मांडीवर घेतली आणि वडगावपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. स्टँडवर कुणी लांबून मोठ्यानं हाक मारली, की मी अजून खांबाआड होते. मग, उगीचच, डोकावून बघते.