चादरीखालचा हात

हे मी आजवर कुणाला बोललो नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही.

मी बैलांचा व्यापारी. गंगाखेडच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचा, तोंडावर काही दिसू द्यायचं नाही — हे मला थोरल्या अण्णानं शिकवलं. बाकी सगळं मी माझ्या हिमतीवर कमावलं. त्याच अण्णाला रक्ताचा कर्करोग झाला, आणि द्यायच्या पेशी जुळल्या त्या धाकट्या बहिणीच्या. माझ्या नाही. जो तो तिचंच कौतुक करायचा. ती सल — खरं सांगतो — अजून गेलेली नाही.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी नुसत्या शरीरात घालून भागत नाही. शरीर एक प्रथिन सोडत राहतं, इंटरल्यूकिन-सात नावाचं. त्याचा इशारा मिळत राहिला तर त्या टिकतात, वाढतात. नाहीतर गुपचूप मरून जातात. बहिणीच्या पेशी चढवून झाल्या होत्या, पण अण्णाच्या अंगात टी-पेशी अजून फार थोड्या होत्या. साधी सर्दीही त्याला झेपली नसती.

मला हे चटकन कळलं. शब्द नाही, आवाज नाही — नुसता इशारा. रुमालाखालचाच व्यवहार की नाही हा?

मग कळूनही मी तसं का केलं?

दवाखान्यात त्याला भेटायला गेलो, त्या दिवशी मला सर्दी होती. दारावर सिस्टरनं विचारलं, मी नाही म्हणालो — तोंडावर काही दिसू न देता. आत अण्णा केवढासा दिसत होता. मी हातमोजा काढला, चादरीखाली हात घातला, त्याची बोटं दाबली. त्यानंही दाबली. हसून म्हणाला, "लय कमी भाव लावायलास रे."

पुढं त्याला ताप चढला, न्यूमोनिया झाला. संशय वहिनीवर गेला — कच्चं फळ द्यायचं नाही असं बजावलेलं असताना तिनं घरच्या झाडाचे डाळिंबाचे दाणे त्याला भरवले होते, त्यानंच मागितले म्हणून. आणि मी? दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, तिच्यावर ओरडलो. जीव घेता का माझ्या भावाचा, म्हणालो. ती खाली बघून रडत राहिली. मास्कच्या आत माझं नाक तेव्हाही वाहत होतं.

अण्णा वाचला. आता राणीसावरगावात बांधावरून फिरतो, मला शिव्या देतो. वहिनीनं मात्र डाळिंबाला पुन्हा तोंड लावलं नाही. मी गेलो की पिशवी भरून देते.

"न्या भावजी. आमच्यात न्हाई खात कुणी."

मी नेतो. घरी बसून खातो. गोड असतात.