पुढे डिस्क, मागे ड्रम

बस डेपोच्या ब्रेक विभागात छत्तीस वर्षं काढून ती गेल्या वर्षी निवृत्त झाली. तिथे तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही तेच म्हणत, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिची सही झाल्याशिवाय बस फाटकाबाहेर पडत नसे. एकदा एका बड्या साहेबांनी "आजचा दिवस जाऊ दे की" म्हटलं, तर तिने बसची किल्ली स्वतःच्या जेवणाच्या डब्यात टाकली आणि डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. साहेब गेले, बस राहिली.

निवृत्तीनंतर बाई घरात स्वस्थ बसेल असं तिच्या थोरल्या भावाला वाटलं होतं. दादाचं जन्मभर हेच, त्याला काहीही वाटायचं. बाई घरामागच्या शेडमध्ये जाऊन बसली, ताडपत्रीखालच्या गाडीशेजारी.

गाडी वडिलांची. दोन माणसं जेमतेम मावतील अशी बुटकी, बिनछपराची शर्यतीची गाडी, चारी चाकांना ड्रम ब्रेक. त्रेचाळीस वर्षांपूर्वी बाबांनी ती शेवटची पळवली होती. ट्रॅकवर एक लांबलचक उतार होता आणि उताराच्या टोकाला हात मुडपावा तसं वळण. त्याला नावच पडलं होतं कोपर. अकराव्या फेरीत बाबा कोपराला वळलेच नाहीत. सरळ गेले आणि टायरांच्या भिंतीत घुसले. पाय मोडला, जीव वाचला. लोक म्हणाले, ऐन वेळी माणसाचे हातपाय गळाले, ब्रेकवर पायच पडला नाही. कुणीतरी त्यांचं नाव 'सरळमार्गी' ठेवलं आणि ते डिंकासारखं चिकटलं. बाबांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. गाडी शेडमध्ये लोटली, ताडपत्री ओढली, आणि तिचं एकही चाक कुणाला उघडू दिलं नाही.

आता बाबा शहाऐंशीचे. एका सकाळी जुन्या गाड्यांच्या क्लबचे सेक्रेटरी दादाबरोबर घरी आले. क्लबने गाड्यांसाठी काचेचं दालन बांधलं होतं.

"जशी आहे तशी द्या," सेक्रेटरी म्हणाले. "स्क्रूसुद्धा बदलू नका."

"जशी आहे तशी ती थांबणार नाही," बाई म्हणाली.

"अहो, दालनात तिला थांबायचंय कुठे? उभीच तर राहायचंय."

"मग दालनात एखादं कपाट उभं करा. गाडी मी शर्यतीत उतरवणार. यंदाच्या यादीत माझं नाव लिहा."

दादाने कपाळाला हात लावला. "अगं, साठीला टेकलीस!"

"टेकले कुठे? अजून एक वर्ष आहे."

सेक्रेटरी हसले. बाई हसली नाही, तेव्हा त्यांनी मुकाट्याने वही काढली.

खरा विरोध झाला तो घरातूनच. "इंजिन उघड, गिअर उघड," बाबा म्हणाले, "पण पुढच्या चाकांना हात लावू नकोस." असं म्हणणं म्हणजे मांजरीला दुधाकडे पाहू नकोस सांगण्यासारखंच. पण बाईलाही त्या चाकांची भीती होती. त्या शर्यतीच्या आठवड्यात पुढच्या ब्रेकची लायनिंग, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी, तिनेच बसवली होती. सोळा वर्षांची डावखुरी पोर, एकेक रिबीट स्वतः ठोकलेली. आपलंच काम सुटलं असेल का, हा प्रश्न तिने त्रेचाळीस वर्षं कुणाला विचारला नव्हता. डेपोत मात्र एकेक रिबीट दोनदा तपासली होती.

दुसऱ्या दिवशी तिने पुढचं डावं चाक काढलं. ड्रम गंजून बसला होता. हातोडीच्या हलक्या टिचक्या मारत, तेल सोडत तासाभराने तो सुटला. तिने लायनिंग ठोकलेला अर्धगोल शू उजेडात धरला. सोळाच्या सोळा रिबिटी जागेवर, डोकी जराशी डावीकडे कललेली, तिच्या हाताची. लायनिंगचा पृष्ठभाग मात्र काचेसारखा गुळगुळीत. ड्रमच्या आत निळे-जांभळे डाग आणि केसाएवढ्या बारीक भेगा. डेपोत असे ड्रम तिने घाटातून उतरलेल्या बसखाली पाहिले होते. ड्रम तापून फुगला की शू त्याच्यापर्यंत पोचत नाही, पोचला तरी चिकटत नाही, आणि पेडल सरळ तळाला जातं. उजव्या चाकातही तेच निघालं.

ती ड्रम उचलून घरात गेली आणि तिने तो बाबांच्या समोर टेबलावर आदळला. चष्म्याची डबी उडाली.

"तुम्ही ब्रेक दाबला होता."

"दाबला होता," बाबा म्हणाले. "दोन्ही पायांनी."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी ड्रमच्या कडेवरून बोट फिरवलं. "काम तुझं होतं. चाक उघडलं असतं आणि रिबीट सुटलेली निघाली असती, तर तू पुन्हा पाना हातात धरला नसतास."

बाईला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. "म्हणजे त्रेचाळीस वर्षं तुम्ही मला माफ करून बसला होतात? न विचारता? एक चाक उघडायचं होतं फक्त, बाबा! एकही रिबीट हललेली नाही!"

"हललेली नाही?"

"एकही नाही."

बाबांनी शू मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि रिबिटी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग मान खाली घालून म्हणाले, "चुकलंच माझं." हे वाक्य त्या घरात यापूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. बाईचा राग तरीही चार दिवस उतरला नाही. ती जेवायला वाढायची, पण बोलायची ती गाडीशी.

पाचव्या दिवशी मात्र बाबा काठी टेकत शेडमध्ये आले. "नवीन ड्रम घाल," म्हणाले.

"पुन्हा तापतील."

दुकानात चारी चाकांचे नवे कोरे डिस्क ब्रेक मिळत होते, पण त्यासाठी चाकं मोठी लावावी लागली असती, आणि क्लबचा नियम होता की भाग त्याच काळातला हवा. बाईने डेपोच्या माळ्यावरून जुनी पार्ट्सची पुस्तकं आणली आणि आठवडाभर त्यांत डोकं खुपसलं. त्याच कंपनीची, त्याच वर्षीची एक अवजड चार दारांची गाडी होती, तिला पुढे डिस्क. भंगारवाल्याकडे तशी एक सापडली. डिस्क मूळ चाकात बसली, तिला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर आणि चाकाची रिंग यांच्यात बोटभर जागाही उरली. डिस्क उघड्यावर फिरते, वारा खाते, तापली तरी कॅलिपरमधल्या पॅडपासून लांब पळत नाही. पेडलचा दाब ब्रेकच्या नळ्यांत पोचवणारा मास्टर सिलिंडर तिने दुहेरी घेतला, म्हणजे एक नळी फुटली तरी दुसरी धरते.

"मागे?" बाबांनी विचारलं.

"मागे ड्रमच. गाडी हलकी आहे, ब्रेक मारला की सगळा भार पुढे येतो."

"डिस्कला जोर जास्त लागतो. पेडल दगडासारखं होईल."

"होऊ दे. माझ्या पायांनी छत्तीस वर्षं बसचे ब्रेक तपासलेत."

चाचणीसाठी डेपोचं मागचं आवार मिळालं, नकार द्यायची हिंमत तिथे अजूनही कुणात नव्हती. पहिल्याच जोरकस ब्रेकला गाडीचं ढुंगण गर्रकन फिरलं आणि बाई उलट्या दिशेला तोंड करून थांबली.

"मागची चाकं आधी अडली!" खुर्चीवरून बाबा ओरडले. "मागचे सिलिंडर लहान घाल, तिकडचा जोर कमी कर!"

बाईने घातले. दुसऱ्यांदा गाडी चुन्याच्या रेघेवर नाक ठेवून, सरळ उभी राहिली. बाबांनी काठी हवेत उंचावली, तोल गेला, आणि दादाने त्यांना धरलं. दादा लपूनछपून बघायला आला होता.

शर्यतीच्या सकाळी सेक्रेटरींनी वाकून पुढचं चाक पाहिलं. "नियमात बसतं," ते नाराजीने म्हणाले, "पण या गाडीला शोभत नाही."

बाईने सीटमागून तो भेगाळलेला ड्रम काढून त्यांच्या हातात दिला. वजनाने ते पुढे झुकले. "हे घ्या शोभेचं. काचेत ठेवा. खाली लिहा, ब्रेक दाबला होता."

बारा फेऱ्या, चौदा गाड्या. बाबांनी पाहुण्यांच्या मांडवात बसायला साफ नकार दिला. खुर्ची कोपराजवळच्या कुंपणाला लावून घेतली. पहिल्या फेऱ्यांत बाई मागे पडली, सरळ रस्त्यावर बाकीच्यांची इंजिनं सरस होती. पण आठव्या फेरीपासून उताराला बाकीच्यांच्या ड्रममधून जळक्या लायनिंगचा वास येऊ लागला. पुढचे लोक कोपराच्या कितीतरी आधी पाय उचलू लागले. बाई उचलत नव्हती. अकराव्या फेरीत ती उतार उतरून कोपरापाशी आली. तिने दगडासारखं पेडल दाबलं आणि ते तळाला गेलं नाही. गाडी खाली बसली, नाक आत वळलं, आणि बाईच्या घशातून अशी आरोळी निघाली की कुंपणावरचे लोक दचकले. त्या एका वळणावर तिने दोन गाड्या मागे टाकल्या.

ती पाचवी आली. बक्षीस तिघांनाच होतं.

सेक्रेटरी कागद घेऊन आले: गाडी आता मूळ स्वरूपात आणून क्लबला द्यावी. बाईने कागदाने हातावरचं काळं पुसलं आणि परत दिला. "पुढच्या मोसमाच्या यादीत नाव घाला."

"वय?"

"साठ लिहा. तोवर टेकेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुढची पॅड काढून पाहिली. डावीकडचं आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलं होतं. पॅड दाबणारा पिस्टन परत सरकत नव्हता.

"सांगत होतो, ड्रमच बरे," बाबा म्हणाले.

"बाबा, पाना द्या," ती म्हणाली, "आणि गप्प बसा."

त्यांनी पाना दिला. गप्प मात्र बसले नाहीत.