पहिल्या तीन ओळी कारभारीच्या

तुमच्या तोंडची गोष्ट दुसऱ्यानं कागदावर उतरवली, छापली अन् तिच्या जोरावर तो लेखक म्हणून मिरवू लागला, तर तुम्ही काय केलं असतं? वेरूळचा कारभारी सव्वीस वर्षं नुसता जळत राहिला.

कारभारी लेणी दाखवणारा गाइड. मुबारक त्याचा वर्गमित्र, पेशानं शाळामास्तर. कैलास लेणं कळसाकडून खाली कोरत आणलं, हे त्याला दाखवताना कारभारी एकदा बोलून गेला, "मंगळावर गाव वसवायचं तर असंच, वरून खाली." मुबारकनं त्यावर 'उलटं नगर' ही कादंबरी लिहिली. पुढं तिचे आणखी चार भाग निघाले. कारभारीनं पहिल्या भागाची वीस पानं वाचली अन् पुस्तक पेटीत आदळलं. कुणी मुबारकचं कौतुक केलं, की हा म्हणायचा, "माल आपला, दुकान त्याचं."

यंदा पहिल्या भागाची नवी आवृत्ती आली. पुंडलिकनगरच्या एका वाचनालयात कार्यक्रम ठरला, अन् मुबारकनं बोलायला ह्यालाच बोलावलं. कारभारी खूश. भर सभेत चोरी उघडी पाडायची. पुरावा हवा म्हणून त्यानं जुनी प्रत काढली, अन् या खेपेला विसाव्या पानाच्या पुढं गेला.

त्याचं बोलणं पहिल्याच पानावर होतं. तीन ओळी. पुढं मुबारकनं विचारलं होतं, एवढं कोरल्यावर निघालेला दगड टाकायचा कुठं? सगळी कादंबरी त्या ढिगाऱ्यावर उभी होती. नगर कोरणारे मजूर त्या ढिगाऱ्यातच राहत होते. कारभारी रोज त्या लेण्यासमोर उभा राहायचा. हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. मुबारकला चोर म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आता आग दुप्पट झाली.

कार्यक्रमात मुबारक हळूच म्हणाला, "बोल ना यार, चुप कायकू बैठा?"

कारभारी उठला. "पहिल्या तीन ओळी माझ्या हायेत. बाकीचं मला सुचलं नसतं, अन् त्याचाच लई राग येतो."

लोक हसले. मुबारक हसला नाही. "तुझ्याच आहेत. इतकी वर्षं मी बोललो नाय, ही माझी चूक. पुढच्या छपाईत तुझं नाव टाकतो."

"अन् जी पुस्तकं विकली गेली, त्यांचं काय?"

त्याचं उत्तर तुमच्याकडं आहे. 'उलटं नगर'ची जुनी प्रत घरात असेल तर आजच काढा, अन् पहिल्या पानावर पेननं लिहा: हे वेरूळच्या कारभारीनं सांगितलं.