सनोबरखोलाचा पाळणा समरकंदला गेला

आमच्या पंजकेंतच्या गल्लीतल्या बायकांनी समरकंदच्या मजारींच्या दर्शनाला, जियारतीला, एका दिवसाची बस ठरवली. सगळ्यांच्या आधी सनोबरखोला हजर. खोला म्हणजे मावशी. लहानथोर सगळे तिला हेच म्हणतात. चार मुलं एकटीने वाढवली, तरी पाठ अजून ताठ. सोबत पिशवी नव्हती, पाळणा होता. तुतीच्या लाकडाचा, रंग उडालेला, खाली डुलायला वाकडे पाय.

तिची धाकटी, माहिन, समरकंदला दिलेली. तिला मुलगा झाला होता आणि बाळाला पाळण्यात घालायचा मुहूर्त आजच दुपारचा. पाळणा माहेरचाच यावा लागतो. तो वेळेवर पोचला नाही, तर माहिनला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार.

"खोला, तिकडे नवेकोरे मिळतात की, सोनेरी फुलांचे," ड्रायव्हर म्हणाला.

"मिळतात ना. पण त्यात झोपलंय कोण आजवर? ह्यात झोपलेलं एकही मूल आमच्या घराने गमावलं नाही, अल्लाची कृपा. उचल, गप्प!"

बस निघाली तसा मागे ठेवलेला पाळणा डुलू लागला आणि आम्ही सगळ्या वळून बघायला लागलो. रिकामा पाळणा हलू नये, हे का कोणाला सांगायला हवं? खोलाने आजूबाजूला पाहिलं. गुलचेहराच्या मांडीवर तिचा बेहरूझ किंचाळत होता.

"आण त्याला इकडे."

"खोला, तो पाळण्यात राहतच नाही. घरी मी नाद सोडला."

"तुझ्या पाळण्यात राहत नसेल."

तिने पोराला पट्ट्यांनी नीट बांधलं, शू वाहून जायची लाकडी नळी लावली, तिच्याखाली मातीचं भांडं ठेवलं. शहर मागे पडायच्या आत बेहरूझ घोरायला लागला.

समरकंद पलीकडच्या देशात, म्हणून सरहद्दीवर उतरून चालत जावं लागतं. पाळणा आम्ही चौघींनी मुलासकट उचलला. आपल्या बाजूच्या अधिकाऱ्याने लाकडावरून हात फिरवला.

"जुनी वस्तू दिसते. कागदाशिवाय बाहेर नेता येणार नाही."

मी मनात कुराणातली आयत म्हणायला लागले. 'मूल आमचंच, संध्याकाळी परत आणतो' एवढं म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण खोला खोटं बोलणारी नाही.

"नातवासाठी नेतेय. आज त्याचा पाळण्याचा दिवस."

"मग हा कोण?"

"हा शेजारणीचा. रिकामा पाळणा रस्ताभर डुलवत नेऊ का मी? तुझ्या आईने नेला असता?"

अधिकारी वाकून म्हणाला, "ह्या भांड्यात काय आहे?"

"बोट घालून बघ."

सगळी रांग खो खो हसली. तोही हसला. "जा, खोला, घरातलंच सामान आहे. मूल उठेल."

माहिनच्या दारात विहीणबाई शाहोदत थबकल्या. उडालेला रंग पाहिला, कडेच्या दांडीवरचे दातांचे ठसे पाहिले. "नवा मिळाला नाही वाटतं," त्या हळूच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच हळू. माहिनचा चेहरा उतरला. आत तिचं बाळ रडून लालबुंद झालं होतं.

"नवा नको होता मला," खोला म्हणाली. "आधी ह्या पाहुण्याला उचला."

शाहोदत वाकल्या. एवढ्या गलक्यातही बेहरूझ गाढ झोपलेला. त्याला अलगद उचलून त्यांनी गुलचेहराकडे दिलं आणि त्याच उबेत स्वतःच्या हाताने नातवाला बांधलं. बायकांनी वरून मिठाई उधळली. चार झोके झाले असतील नसतील, रडणं थांबलं.

शाहोदतनी ठशांवर बोट ठेवलं. "हे कोणाचे?"

"तुमच्या सुनेचे."

"तरीच! अजून बोलते तेव्हा चावतेच." मग साऱ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पुढच्या नातवालाही हाच. नवा कोणी आणू नका."

माहिन हसली, डोळे पुसत.

मजारींवर आम्हाला घाईघाईतच जाता आलं, पण दुआ मनासारखी झाली. परतीच्या वाटेवर बेहरूझने सरहद्दीपासून घरापर्यंत भोकाड पसरलं.

"आता काय करू ह्याचं, खोला?"

"तुझ्या आईच्या माळ्यावर बघ, जुना पाळणा असेल," खोला म्हणाली आणि पोराला स्वतःच्या मांडीवर घेऊन डुलायला लागली.